कमलाक्षीची कॅसेट येतेय

सगुण तुयेकराचं दुकान पेडण्याच्या बाजारात नेमकं कुठे आहे, हे कुणी कुणाला सांगत बसत नसे. बसमधून उतरायचं आणि कान नेतील तिकडे चालायला लागायचं. दुकान आधी ऐकू यायचं, मग दिसायचं. नावाला ते भाड्याने लाउडस्पीकर द्यायचं दुकान. लग्न असो, सत्यनारायण असो, देवळाचा काला असो, नाहीतर कुणाच्या नव्या पिठाच्या गिरणीचं उद्घाटन असो, सगुणाचे दोन कर्णे माडाला बांधल्याशिवाय त्या कार्याला कार्य म्हणायची पद्धतच उरली नव्हती. लोक त्याला ‘भोंग्याचो सगुण’ म्हणत आणि त्याला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे.

भाड्याचा धंदा पोटासाठी. सगुणाचा जीव होता घरी भरलेल्या कॅसेटींमध्ये. तो काळच तसा होता. वाड्यावाड्यात कुणाचा ना कुणाचा भाऊ गल्फात होता आणि सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर घेऊन येत होता. भाऊ परत गेला की मागे उरायचा टेपरेकॉर्डर, आणि टेपरेकॉर्डर घरात असला की माणसाला आपण गातो असं वाटायला लागतं. कंपनीच्या कॅसेटी म्हापशाला ढिगाने मिळत. सगुण त्यांना हातही लावत नसे. त्याला हवी असायची ती आपल्या माणसांनी, आपल्या घरात, कोंबड्याकुत्र्यांसकट भरलेली कॅसेट. अशी एक कुठे आहे असं कळलं की स्वारी दुकानाला कुलूप लावून निघालीच.

डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवणारा सखाराम, मूळचा सावंतवाडीकडचा, त्याने आपली गाणी ट्रकच्या केबिनमध्ये बसून भरली होती, तीही इंजिन चालू ठेवून. इंजिन बंद केलं की त्याचा सूर उतरायचा. नार्व्याच्या दोघा भावांची भजनं होती; भावांचं आपसात बोलणं नसल्यामुळे एका बाजूला थोरला गात होता आणि दुसऱ्या बाजूला धाकटा, आणि गंमत म्हणजे दोघेही तीच भजनं गात होते. वास्कोच्या बंदरात काम करणाऱ्या सदाशिवाच्या गिटारीच्या गाण्यात मधेच बोटीचा भोंगा वाजायचा आणि तो असा सुरात वाजायचा की सगुण प्रत्येक वेळी मान डोलवायचा. तेरेखोलच्या रुक्मिणीबाईंच्या अंगाईची कॅसेट मात्र तो गाडीवाल्यांना देत नसे. ती ऐकून कर्णे उतरवताना तो स्वतः एकदा शिडीवर पेंगला होता.

ह्या सगळ्यांना एकच दुकान, एकच रेडिओ आणि एकच जाहिरातदार मिळालेला होता, तो म्हणजे सगुण. कुठेही कार्य असो, आरती आटपली आणि लोक प्रसादाकडे वळले की सगुण माइक हातात घ्यायचा आणि आपला कार्यक्रम सुरू करायचा. आधी ‘आयलें’, म्हणजे नुकतं आलेलं, मग ‘येतलें’, म्हणजे लवकरच येणारं. प्रत्येकातला एक तुकडा वाजवायचा आणि शेवटी एकच शब्द उच्चारायचा, “आयकाजोगी.” ऐकण्याजोगी. हा शब्द तो फुकट वापरत नसे. म्हणून तर त्या शब्दावर लोक केरीपासून डिचोलीपर्यंत कॅसेटी नेत होते.

गडबड होती ती दुसऱ्या भागात. ‘येतलें’ म्हणून सांगताना सगुणाच्या तोंडाला लगाम राहत नसे. सखाराम नुसता म्हणाला होता की बघू, दिवाळीनंतर काहीतरी भरीन. सगुणाने दुसऱ्या दिवशी धारगळच्या सत्यनारायणात सखारामाची दुसरी कॅसेट जाहीर करून टाकली. नार्व्याच्या भावांची एकत्र गायलेली भजनं येणार असंही त्याने जाहीर केलं, आणि ते त्या भावांना कुणीच विचारलं नव्हतं. पण झालं काय, की लोक दोघांनाही रस्त्यात धरून विचारायला लागले आणि शेवटी निव्वळ लाजेखातर दोघे एका चटईवर बसले. त्यामुळे सगुणाला आपल्या ह्या खोडीचं फार कौतुक वाटायचं. आधी सांगायचं, मग होतंच, असा त्याचा हिशेब.

तर अशा ह्या सगुणाचं मन कोरगावच्या कमलाक्षी गावसावर जडलं होतं आणि जडलं होतं म्हणजे पार चिकटलं होतं.

झालं असं, की कोरगावात कुणाच्या तरी घरभरणीला सगुणाचे कर्णे वाजत होते. येणारा-जाणारा ‘वा सगुण, वा सगुण’ करत होता. इतक्यात शिवणाच्या कापडांची पिशवी खांद्याला लावून एक मुलगी माडाखाली येऊन उभी राहिली, मान वर करून तिने थोडा वेळ ऐकलं आणि सरळ सांगितलं, “तुमचो दावो भोंगो नाकांतल्यान गायता.” एवढं बोलून ती शिवणवर्गाला निघून गेली. सगुण रागाने माडावर चढला. डाव्या कर्ण्याच्या आत कुंभारीण माशीने मातीचं छान घर बांधलं होतं. माडावर चढला होता तो एक चिडलेला माणूस, उतरला तो प्रेमात पडलेला. इतकी वर्षं सगळा तालुका त्याचा भोंगा ऐकत आला, पण तो नाकातून गातो हे कुणाला कळलं नव्हतं.

पुढे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्याने तिच्या फुगड्या ऐकल्या आणि उरलासुरलाही गेला. बाकीच्या बायका आजीच्या वेळच्या फुगड्या घालत. कमलाक्षी आपल्या रचायची. थांब्यावर न थांबणाऱ्या बसची फुगडी, नळातून नुसता वारा येतो त्याची फुगडी, टीव्हीसमोरून न उठणाऱ्या सासूची फुगडी. बायका हसून हसून गरगरत होत्या आणि गरगरून गरगरून हसत होत्या. सगुण जनेलातून डोकावत उभा राहिला, तो मोदक हातात तसाच.

त्याने मग रीतसर आपल्या थोरल्या बहिणीला, वत्सलेला, मागणी घालायला पाठवलं. कमलाक्षीचे वडील दत्ताराम गावस यांनी वत्सलेला चहा दिला, भाकरी दिली, वाटेत खायला केळी दिली आणि उत्तरही दिलं. “भोंग्याक हांव चेडूं दिवचों ना.” भोंग्याला मी मुलगी देणार नाही.

दत्तारामाचा भोंग्यावर राग का, ते सांगितलं पाहिजे. दत्ताराम हा गाऱ्हाणं घालणारा. आपल्याकडे कुठल्याही कामाआधी देवापुढे नारळ ठेवायचा आणि जाणत्या माणसाने मोठ्याने देवाला सांगायचं, की म्हाराजा, ह्या लेकराने अमुक काम हाती घेतलं आहे, ते पार पाड. प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. घालणाऱ्याने स्वतः ते कधी म्हणायचं नाही. तो सांगणारा, होकार बाकीच्यांचा. तीन गावांत दत्तारामासारखा आवाज नव्हता. आणि त्याचा एक नेम होता. नारळ ज्याचा, मागणं त्याचं. आपल्या पदरचं घालायचं नाही, त्यातलं काढायचं नाही. शेजारच्या गोकुळदासाचा ह्याच दत्तारामाशी काजूच्या बांधावरून वाद चालला होता, तेव्हा गोकुळदास बेरकीपणाने नारळ घेऊन त्याच्याकडेच गेला आणि बांध मला मिळू दे म्हणून गाऱ्हाणं घाल म्हणाला. दत्तारामाने खणखणीत आवाजात, स्वतःविरुद्ध, अगदी मनापासून घातलं. बांध गोकुळदासाला मिळाला. तेव्हापासून गोकुळदासाची छाती फुगलेली आणि दत्तारामाचीही.

अशा माणसाचं गाऱ्हाणं एका काल्याला ऐन रंगात आलेलं असताना सगुणाच्या हाताने चुकून बटण दाबलं गेलं आणि भोंग्यातून सखारामाचं ट्रकगाणं सुरू झालं. लोकांना सवय लागलेली. पहिलं कडवं संपलं तशी सगळी सभा म्हणाली, “व्हय म्हाराजा.” देव हसला असेल. दत्ताराम हसला नाही.

इतकं सगळं माहीत असून सगुणाने काय करावं? पुढच्या वर्षीच्या काल्याला, त्याच कोरगावात, आपली ती ‘येतलें’ची खोडी केली. १९८७ सालचे ते दिवस. राजभाषेचा कायदा नुकताच झाला होता, गोवा स्वतंत्र राज्य होणार असं बोललं जात होतं, चहाच्या दुकानात मराठीवाले एका बाकावर आणि कोंकणीवाले दुसऱ्या. सगुणाला दोन्हीकडून विचारत, तू कुठचा? तो म्हणायचा, कॅसेटीला दोन बाजू असतात आणि मी दोन्ही वाजवतो. एकूण हवेतच काहीतरी चढलेलं होतं. त्यात देवळाचं पटांगण भरलेलं, डावा कर्णा कसा स्वच्छ गातोय, आणि समोर बायकांच्या गर्दीत निळ्या साडीत कमलाक्षी. सगुणाने ‘आयलें’ संपवलं, ‘येतलें’ सुरू केलं, आणि त्याचं तोंड त्याच्या पुढे धावलं.

“आनी चवथीक येतली, कोरगांवच्या कमलाक्षी गावसान स्वता रचिल्ल्या फुगड्यांची कॅसेट. आयकाजोगी.”

माइक खाली ठेवला तेव्हा त्याला आपण काय बोललो ते कळलं. बायका कमलाक्षीभोवती गोळा झाल्या होत्या आणि कमलाक्षी त्यांच्या डोक्यांवरून त्याच्याकडे बघत होती. त्या बघण्याचा अर्थ लावत सगुणाने पुढची पंधरवडाभर झोप घालवली. दत्तारामाने मात्र अर्थ लावायला काही ठेवलं नाही. पटांगण ओलांडून तो सरळ माडाखाली आला आणि हळू आवाजात, जो त्याच्या मोठ्या आवाजापेक्षा भयंकर होता, म्हणाला, “माझ्या चेडवाचें नांव तुवें माडार बांदलें.” सगुणाला माइकवर हजार माणसांपुढे बोलता यायचं. माइकशिवाय एका माणसापुढे त्याच्या तोंडून ‘चुकलं’ एवढंही निघेना.

कमलाक्षीचं उत्तर वत्सलेबरोबर आलं. पयलीं विचारूंक जाय आसलें, आतां सांगून बसल्यात तर भरूंया. म्हणजे आधी विचारायला हवं होतं, पण भरूया. सगुणाने वत्सलेकडून ते तीनदा वदवून घेतलं. चौथ्यांदा ती म्हणाली, टेप कर आणि ऐकत बस.

पण दत्तारामाच्या घरात टेपरेकॉर्डर शिरणार कसा? ते काम सगुणाला करावं लागलंच नाही, ते लोकांनी केलं. दत्ताराम बाजारात गेला की मासळीवाली विचारायची, कॅसेट कधी येतेय. बसमध्ये चढला की कंडक्टर विचारायचा, माझ्या बसवर फुगडी आहे म्हणे, कधी ऐकायला मिळणार. डिचोलीहून व्याही आले, त्यांनीही पायताण काढायच्या आधी तेच विचारलं. मे महिन्याच्या अखेरीला गोवा राज्य झालं, पणजीला मोठा समारंभ झाला, आणि तिथून परतलेल्या गोकुळदासाने दारातच सांगितलं की राज्य तर आलं, आता कॅसेट तेवढी राहिली. वर दहा गावांपुढे जाहीर झालेलं. आली नाही तर शेजारच्या गावाने पुढच्या जत्रेपर्यंत हसायला घेतलं असतं. दत्ताराम आपल्या मुलीवरून कुणाचं ऐकून घेईल, पण गावावरून नाही.

श्रावणात त्याने निरोप धाडला. या. माझ्या अंगणात भरायची. आधी गाऱ्हाणं होईल, मग फुगड्या. एकदा काम झालं की आपलं यंत्र उचलायचं आणि पुन्हा ह्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही.

शेवटच्या वाक्यापाशी सगुण अडकला. म्हणजे कॅसेट येणार आणि कमलाक्षी जाणार. आपणच जाहीर केलेल्या कॅसेटीने आपलंच दार लागणार. तरी तो गेला. शब्द दिलेला होता, आणि शिवाय त्या अंगणात एक दुपार तरी बसायला मिळणार होतं. एवढ्यावरही खूश होणारा माणूस तो.

पावसाने त्या दिवशी उघडीप दिली होती. तुळशीसमोर शेणाने सारवलेलं अंगण, कडेला वाड्यावरच्या बायका, पडवीत चार-दोन पुरुष, गोकुळदास सगळ्यांत पुढे. सगुणाने मेज मागून घेतलं, त्यावर यंत्र मांडलं, माइक केळीच्या खुंटाला बांधला. नवी कोरी कॅसेट आणली होती, एका बाजूला अर्धा तास मावणारी. म्हटलं गाऱ्हाणं दोन मिनिटांचं, तेही असू दे सुरुवातीला, शोभेल. त्याने बटण दाबलं. लाल दिवा लागला.

दत्ताराम धुतलेलं धोतर नेसून तुळशीपुढे उभा राहिला आणि रिवाजाप्रमाणे त्याने विचारलं, “नारळ कोणाचो? मागणें कितें?”

सगुण आपल्या पिशवीतला नारळ काढायला वाकला. पण त्याच्याआधी कमलाक्षी पुढे आली. तिच्या हातात नारळ होता, घरच्याच माडाचा, शेंडी नीट बांधलेला. तिने तो पाटावर ठेवला, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

“नारळ माझो, बाबा. एक मागणें ह्या कॅसेटीचें. दुसरें माझें. माका सगुणाबरोबर संवसार करूंक जाय. देवाक तशें सांगात.”

सगुण पिशवीत हात घालून तसाच वाकलेला राहिला. सरळ व्हायचं असतं हेच तो विसरला. दत्तारामाने मुलीकडे पाहिलं, मग पडवीकडे पाहिलं. पडवीत गोकुळदास बसला होता, काजूच्या बांधाचा मालक, आणि तो मिशीत हसत होता. नारळ ज्याचा, मागणं त्याचं. हे तीन गावांना माहीत होतं.

दत्तारामाने डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिल्यांदा ग्रामदेवीला बोलावलं. व्हय म्हाराजा. मग रवळनाथाला, वेताळाला, सातेरीला. व्हय म्हाराजा. मग वाड्याच्या राखणदाराला, मग सीमेवरच्या देवचाराला, मग शेजारच्या गावच्या देवांना एकेक करून नाव घेऊन. इथपर्यंत लोकांना वाटलं की आज स्वारी रंगात आहे. पण मग तो पूर्वजांकडे वळला आणि पणज्याच्याही पलीकडे गेला, तेव्हा बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. बाबा वेळ काढत होता. देवापुढे खोटं बोलणार नव्हता, मागणं गाळणार नव्हता, पण तिथवर पोचायला त्याने अख्ख्या पेडणे महालाचा वळसा घेतला होता.

विजेचा प्रवाह जाऊ नये म्हणून मागितलं. फीत यंत्रात गुंतू नये म्हणून मागितलं. बायकांच्या गळ्यांसाठी, तेरेखोलच्या फेरीबोटीसाठी, डिचोलीच्या रस्त्यावरच्या ट्रकांसाठी, नव्या राज्यासाठी आणि राज्याच्या दोन्ही भाषांसाठी मागितलं. गोकुळदासाच्या गाभण गाईसाठीही मागितलं, तेव्हा गोकुळदास सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणाला. मधेच रस्त्यावरून पोदेर सायकलचा पों पों करत पाव घेऊन गेला, आणि बायकांनी त्यालाही व्हय म्हाराजा म्हणून टाकलं. हसू दाबता दाबता अर्ध्या जणींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कमलाक्षी तेवढी नारळाकडे बघत शांत उभी होती. वडिलांना ती ओळखत होती. कुठल्याही वळशाने गेले तरी ते घरी येणार हे तिला ठाऊक होतं.

सगुणाची नजर कॅसेटीवर. डाव्या चाकावरची फीत पातळ होत चालली होती. थांबवून पहिल्यापासून भरावं म्हटलं, तर गाऱ्हाणं पुसायचं? देवाला सांगितलेलं पुसायची छाती सगुणाला नव्हती, कुणालाच नसती. फीत अगदी काठावर आली, आणि तेवढ्यात दत्तारामाकडची नावंही संपली. त्याने एक श्वास घेतला, “आनी म्हाराजा,” एवढं म्हणाला, आणि टक्कन बटण उडालं. लाल दिवा गेला.

“रावात,” सगुण ओरडला. थांबा. हे त्याने कुणाला म्हटलं ते त्याच्या म्हणून झाल्यावर लक्षात आलं.

दत्तारामाला आता वाट मिळाली होती. दम लागला म्हणता आलं असतं, यंत्र बिघडलं म्हणता आलं असतं, उठून आत पाणी प्यायला गेला असता तरी कुणी अडवलं नसतं. तो गेला नाही. नारळावर हात ठेवून, भोंग्याच्या माणसाने कॅसेट उलटी करायची वाट बघत, तो उभा राहिला. सगुणाने घाईत कॅसेट दोनदा तिरकी घातली, ती खाचेत बसेना. मग बसली. लाल दिवा लागला.

आणि दत्ताराम बोलला, गाऱ्हाण्याच्या खणखणीत आवाजात नव्हे, जेवताना मुलीकडे मीठ मागतो त्या आवाजात.

“ह्या माझ्या चेडवान तुज्या पांयांकडे नारळ दवरला, म्हाराजा. तिका ह्या सगुणाबरोबर संवसार करूंक जाय. तो तूं पार पाड. कोण आड येत जाल्यार ताका वाटेर हाड.”

आड येणाऱ्याला वाटेवर आण, हे गाऱ्हाण्यातलं नेहमीचंच मागणं; बायकांनी तोंडं उघडली होती, पण त्याने हात वर करून थांबवलं.

“आनी आड येवपी हांव आसलों, तर माकाय वाटेर हाड, म्हाराजा.”

त्यावर जो ‘व्हय म्हाराजा’ झाला, तो यंत्राला पेलला नाही. काटा शेवटपर्यंत गेला आणि तिथेच अडकला. आजही ती कॅसेट वाजवली की त्या जागी नुसती खरखर ऐकू येते, आणि त्या खरखरीइतकं गोड सगुणाने जन्मात काही ऐकलेलं नाही.

उरलेल्या फितीवर फुगड्या. न थांबणारी बस, वारा सोडणारा नळ, टीव्हीपुढची सासू, सगळ्या नेहमीपेक्षा जलद, धापा टाकत, कारण कमलाक्षीला हसू आवरत नव्हतं आणि तिच्या मागच्या बायकांना तर मुळीच. एका फुगडीत ती चक्क ओळ विसरते आणि गोकुळदास पडवीतून सांगतो. सगुणाने काहीही काढलं नाही. चवथीच्या आधी आठ दिवस तो आपल्या दोन खणांच्या यंत्रावर कॅसेटींच्या नकला काढत बसला. म्हापशाला गेल्या, डिचोलीला गेल्या, सदाशिवाने वास्कोला नेल्या. लोक फुगड्यांसाठी घेत आणि गाऱ्हाण्यासाठी पुन्हा पुन्हा लावत. बसवाले पहिली बाजू संपली की कॅसेट उलटी करेपर्यंत मुद्दाम वेळ लावत, आणि सगळी बस श्वास धरून बसायची, नि मग व्हय म्हाराजा करून उठायची. नवा नवरा-नवरीचा जोडा बघायला माणसं जातात तसे काही लोक कोरगावला नुसते दत्तारामाला बघून येत. सगुणाला मात्र ह्या एका कॅसेटीची जाहिरात करणं जमलं नाही. माइक हातात घेतला, ‘आयलें’ म्हणाला आणि पुढे नुसता हसत राहिला. ‘आयकाजोगी’ हा शब्द शेवटी लोकांनीच म्हटला.

दत्ताराम ह्या सगळ्यात बोलत काही नव्हता. देवाला सांगितलं ते सांगितलं, तिथी बघून घ्या, एवढंच त्याने वत्सलेला कळवलं. तो वाटेवर आला की देवाच्या धाकाने गप्प बसला, हे सगुणाला कळत नव्हतं आणि ते त्याला आत कुठेतरी बोचत होतं. भोंग्याजवळून जाताना सासरेबुवा अजूनही चार हात लांबून जात.

तुळशीचं लग्न झालं आणि त्याच अंगणात कमलाक्षीचं लग्न लागलं. कर्णे अर्थात सगुणाचेच, माडही तोच. यंत्राजवळ बसायचं सखारामाने कबूल केलं होतं, पण पंगतीत सोलकढी दुसऱ्यांदा फिरायला लागली आणि सखाराम तिथेच बसला. लोकांच्या आग्रहाखातर कॅसेट लावलेली. देव झाले, पूर्वज झाले, गोकुळदासाची गाय झाली, पोदेर वाजून गेला. भोंग्यातून ‘आनी म्हाराजा’ आलं आणि टक्कन बटण उडालं.

मांडवात सगळे थांबले. वाढपी थांबले. सगुण सवयीने उठायला गेला, पण मुंडावळ्या बांधलेल्या आणि उपरण्याची गाठ कमलाक्षीच्या शालूला. तो अर्धवट उठून तसाच राहिला. सखारामाला हाका पडल्या. सखारामाचे हात भाताने भरलेले.

तेव्हा दत्ताराम उठला. मांडव ओलांडून मेजाजवळ गेला, थोडा वेळ यंत्राकडे बघत राहिला. मग खण उघडला, कॅसेट बाहेर काढली, धोतराच्या सोग्याने पुसली, उलटी केली आणि बसवली. एकदाच, नीट. बटण त्याने अंगठ्याने दाबलं आणि दोन्ही भोंग्यांतून त्याचाच आवाज माडांवरून गावभर गेला, मीठ मागायच्या आवाजात. ह्या माझ्या चेडवान नारळ दवरला, म्हाराजा. ती ओळ आली, मग पुढची आली. आनी आड येवपी हांव आसलों, तर माकाय वाटेर हाड, म्हाराजा.

सगळा मांडव एकदम म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

ते ओसरल्यावर, खरखर सरल्यावर आणि फुगडी सुरू व्हायच्या आत जी चिमूटभर जागा आहे तेवढ्यात, डोळे पुसत मेजाजवळ उभ्या असलेल्या दत्तारामाने जन्मात पहिल्यांदा, आपल्याच गाऱ्हाण्याला, सगळ्यांच्या मागून, एकट्याने म्हटलं, “व्हय म्हाराजा.”